बयान्याचा मांडव

पावसाळ्यात आमच्या घरात माणसं दिसायची नाहीत, नुसती ऐकू यायची. छपरीपासून थेट चुलीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर मांडवाचे कपडे लोंबत असायचे. लाल, पिवळे, हिरव्या झालरीचे. भिजले की लवकर वाळायचे नाहीत, आणि वाळवले नाहीत तर कुजायचे. माय चहा घेऊन यायची ती एकेक पडदा बाजूला सारत, नाटकातल्या राणीसारखी, फक्त तोंडात बाबांच्या धंद्याला शिव्या. त्या कपड्यांना धुराचा, वरणाचा आणि ओल्या कुत्र्याचा मिळून एक वास यायचा. लग्न म्हटलं की बाकीच्या पोरींना काय आठवायचं कोण जाणे, मला तो वास आठवायचा.

बाबांचा धंदा बिछायतीचा. लाखनीच्या अलीकडे, मोठ्या रोडला लागून आमचं गाव. धानाची थोडी शेती होती, ती दुसऱ्याला कसायला दिलेली. घर चालायचं मांडवावर. कपडा, बांबू, सतरंज्या, मोठमोठे गंज, कढया, जर्मनच्या थाळ्या, दोन पेट्रोमॅक्स आणि एक पोंगा, जो अर्ध्या गाण्यात खोकायचा. आसपासच्या गावांत कुणाचंही लग्न असो, मांडव आमचाच. फाटलेला कपडा मी मशीनवर शिवायची आणि कुठल्या तिथीला कुठे काय जाणार ते ध्यानात ठेवायची. हे सगळं मी कॉमर्स घेऊन बारावी होऊन, कॉलेजात बी.कॉम.चं एक वर्ष काढून करत होते. एकच वर्ष, कारण दुसऱ्या वर्षाची फी भरायच्या वेळी पैसा मोकळा नव्हता.

‘पैसा मोकळा झाला का’, म्हणजे पैसा हातात आला की मग, हे आमच्या घरातलं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य. छपराचे कवेलू फुटले, पैसा मोकळा झाला का टाकू. मायची दाढ दुखते, पैसा मोकळा झाला का भंडाऱ्याला दाखवू. तोवर लवंग धर. आणि माझं लग्न? त्याची तर चिंताच नको. बाबा छाती फुगवून सांगायचे, "पैसा मोकळा झाला का करून टाकू. मांडव तं घरचाच हाय!"

घरचाच मांडव! ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नाकाडोंगरीकडचं एक स्थळ आलं होतं. त्यांना मी पसंत होते, मलाही मुलगा बरा वाटला होता. दोन हंगाम ती मंडळी थांबली. मग त्यांनी आमच्याच शेजारच्या गावातली मुलगी केली. त्या लग्नाला मांडव अर्थातच आमचा गेला आणि त्याची झालर मी शिवली होती. शिवताना मशीनची सुई बोटात गेली तेव्हा माय म्हणाली, "ध्यान कुठे हाय व तुहं?" मी म्हटलं, "झालरीत."

आमच्याकडे मांडव ठरवायची एक रीत होती. मुलीचा बाप थाळीत नारळ, सुपारी आणि बयान्याचे, म्हणजे विसाराचे, पैसे घेऊन यायचा. नोटांना हळद-कुंकू लावलेलं असायचं. बाबांनी सुपारी उचलली की मांडव पक्का. आणि सुपारी उचलावीच लागायची. थाळी तशीच परत गेली तर ‘सुपारी फिरली’ म्हणायचे, आणि ते त्या मुलीच्या संसाराला वाईट. बाबांनी जन्मात कुणाची सुपारी फिरवली नव्हती. फार तर एका गावातला मांडव दुपारी काढून दुसऱ्या गावात रात्री उभा करायचे, पण नाही म्हणायचे नाहीत. आता पेपरात सुपारी शब्द वाचला की लोक दचकतात. मी तेव्हाच दचकत होते.

बयान्याचे पैसे आले की माय ते डोळ्यांना लावायची, देवापुढे ठेवायची, आणि दिवा विझायच्या आत बाबा ते उचलून बाजारात जायचे. त्यांच्या लेखी ती कमाई. घरात आली, हळद-कुंकू लावून आली, म्हणजे आपली झाली. लग्न अजून तीन महिने पुढे, काम एका पैशाचं झालेलं नाही, पण पैसा जुन्या फाटलेल्या कपड्याच्या जागी नवा कपडा होऊन घरी यायचा. मग वैशाखात प्रत्यक्ष लग्न उभं राहायचं तेव्हा मांडव घालणाऱ्या पोरांची मजुरी, बैलबंडीचं भाडं, घासलेट, सगळं रोख लागायचं आणि हातात काही नसायचं. उरलेली रक्कम मुलीच्या बापानं द्यायची असायची, पण लग्न उरकल्यावर बाप रिकामाच झालेला असतो. "धान निंगू द्या, देतो," म्हणायचा. धान निघणार दिवाळीनंतर. मधले महिने आम्ही काय, मांडवाचा कपडा खायचा? मग बाबा पुढच्या कुणाच्या तरी बयान्याची वाट पाहत छपरीत बसायचे. तो आला की मागच्याची मजुरी त्यातून.

धंदा तोट्यात नव्हता, हे मला सगळ्यात जास्त डाचायचं. कॉलेजात एक सर शिकवायचे की नफा वेगळा आणि हातातली रोकड वेगळी, नफा असलेला माणूसही रोकडीवाचून बुडू शकतो. बाकीची पोरं जांभया द्यायची. मी मात्र ताठ बसून ऐकायची, कारण सर आमच्या घराबद्दलच बोलून राहिलेत असं वाटायचं. दर महिन्याला काय येणार, काय जाणार ते आधी मांडून पाहा, ते म्हणायचे. माझ्या घरी मांडायला मांडवाशिवाय काही नव्हतं.

त्या वर्षी पौषात मामा आले, मायचा सख्खा भाऊ. करडीचं स्थळ घेऊन आले होते. मोहाडी तालुक्यातलं घर, धानाची बऱ्यापैकी शेती, मुलगा तिथल्याच सोसायटीत लिहिण्याचं काम करणारा. मला पाहून गेले होते आणि हो म्हणाले होते. मामा सतरंजीवर बसले आणि सरळ मुद्द्यावर आले. "भाऊ, या वैशाखात करसाल तं हो. नाई तं ते दुसरीकडे पाह्यतीन. त्याईच्या घरी म्हातारी बिमार हाय, ते थांबून नाई राह्यत."

बाबांनी पान लावलं. सावकाश लावलं. मग म्हणाले, "पैसा मोकळा झाला का..."

मामांनी टोपी उचलून डोक्यावर चढवली. मी दारात वाळत घातलेल्या मांडवाच्या कपड्याआड उभी होते. मला तेव्हा स्वच्छ दिसलं की मी जन्मभर इथेच बसणार आहे, दुसऱ्यांच्या लग्नाच्या झालरी शिवत, आणि एक दिवस त्याच कपड्यात मला गुंडाळून ठेवतील. भीती वाटली. मग राग आला, आणि रागानं माझं नेहमी भलं केलं आहे.

दुसऱ्या दिवशी अंगणात मी जर्मनच्या बारा थाळ्या ओळीनं मांडल्या. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत, एकेक थाळी एकेक महिना. मायच्या टोपलीतले चिचोके घेतले. बाबांना बोलावलं. "बसा इथे," म्हटलं. त्यांना आधी गंमत वाटली. मी ज्या महिन्यात पैसा येतो त्या थाळीत चिचोके टाकले आणि ज्या महिन्यात जातो त्यातून काढले. माघ-फाल्गुनाच्या थाळ्या बयान्यांनी भरल्या. वैशाखाच्या थाळीतून मजुरी काढली, बंडी काढली, घासलेट काढलं. थाळी रिकामी झाली आणि अजून काढायचं राहिलंच होतं.

बाबांनी लगेच माघाच्या थाळीतून मूठभर उचलले आणि वैशाखात टाकले. "हे घे. भरली. यात काय अवघड हाय?"

"बाबा, ते बयान्याचे हायेत. आपले नाईत."

"मंग कोनाचे?"

"ज्याईनं देल्ले त्याईचे. त्याईच्या पोरीचं लग्न उरकत नाई तोवर आपल्यावर कर्जच हाय ते."

माय दारात उभी होती, तिनं कानाला हात लावले. बाबांचा चेहरा उतरला, आणि मग चढला. "कर्ज?" ते म्हणाले. "हळद-कुंकू लावून आलेल्या लक्ष्मीले कर्ज म्हनतं तू? याच्यासाठी शिकवलं का तुले?"

"शिकवलं कुठे पुरं? एकच साल शिकवलं."

"असं नको बोलू व बाई," माय म्हणाली, "दिवे लागनीची वेळ हाय."

मी थांबले नाही. म्हटलं, एक हंगाम बयाना वेगळा ठेवा. काम होईपर्यंत त्याला हात लावू नका. एकच हंगाम पोट आवळा, मग पुढे तुमचाच पैसा तुमच्या हातात खेळेल, दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागणार नाही. बाबांनी ऐकून घेतलं. मग एका बोटानं वैशाखाची थाळी माझ्याकडे सरकवली. "बयान्याले हात नाई लावला तं वैशाखात घासलेट कायचं आनू? अंधारात लावू का लोकाईच्या पोरीचं लग्न?"

आणि त्यांचं खरं होतं. बाहेर पडायचं तर एक हंगाम हातात काहीतरी हवं, आणि हातात काही असतं तर आम्ही आत कशाला राहिलो असतो? सरांनी हे शिकवलं नव्हतं. बहुतेक ते दुसऱ्या वर्षाला असावं. बाबा उठून गेले, आणि मी चिचोके गोळा करत बसले. माझ्यापेक्षा ते चिचोके सुखी होते, त्यांना या थाळीतून त्या थाळीत तरी जाता येत होतं.

मग माझ्या डोक्यात ती गोष्ट आली. इतकी साधी होती की आधी सुचली नाही म्हणून मलाच हसू आलं.

पावसाळ्यात मी गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. ते पैसे मायनं तांदळाच्या कोठीत दडवून ठेवले होते, माझ्या नावानं. मी मागितले. तिनं कशाला ते विचारलं, मी सांगितलं. मग तिनं कोठीत हात घातला.

माघ लागला त्या सकाळी मी न्हाऊन, मायचं चांगलं लुगडं नेसून परसाच्या दारानं बाहेर पडले. घराला वळसा घातला आणि पुढून, रोडच्या बाजूनं, गिऱ्हाईक येतं तशी छपरीत आले. हातात थाळी. नारळ, सुपारी, एकशे एक रुपये, नोटेला हळद-कुंकू. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. बाबा बांबूची दोरी सोडवत होते.

"काय व बाई?" ते म्हणाले. "इकडून कायले आली?"

मी तिथी सांगितली. वैशाखातली, सकाळच्या मुहूर्ताची. त्या दिवसाची अजून कुणाची सुपारी आली नव्हती, ते मला ठाऊक होतं. "मांडव पायजे," मी म्हटलं.

"कोनाच्या इथे?"

"तुमच्या इथे."

थाळी आमच्या दोघांच्या मधे होती. बाबांनी सुपारीकडे पाहिलं, मग दाराकडे, तिथे माय उभी. मी बाबांना इतकं अडकलेलं कधी पाहिलं नव्हतं आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. निदान एक दिवस तरी त्यांना कळलं असेल. ते ‘पैसा मोकळा’ म्हणू शकत नव्हते, कारण पैसा समोर होता. नाही म्हणू शकत नव्हते, कारण सुपारी फिरली असती, आणि फिरली असती ती स्वतःच्याच मुलीची.

त्यांनी सुपारी उचलली. कपाळाला लावली. "जा," म्हणाले, "मामाले निरोप धाड."

मी आत गेले आणि हमसून हमसून रडले. आनंदानंच, पण रडताना पोटात कुठेतरी माहीत होतं की त्या नोटेचं काय होणार. बयाना आला म्हणजे बाबांचं पुढचं पाऊल बाजाराकडे, ते काही मुलीसाठी बदलणार नव्हतं.

चैत्रात बंडी भरून नवे बांबू आले. हिरवे, ताजे. मी विचारलं, "पैसा कुठून आला?" बाबा म्हणाले, "आला." आणि बांबू उतरवू लागले. मी मनात म्हटलं, गेले माझे ब्लाउज बांबूत. तीन पावसाळे डोळे फोडून शिवलेले. जीव जळला, पण तोंड बंद ठेवलं, कारण तिथी तर हातात होती.

लग्न सकाळी लागलं. पोंगा नेमका मंगलाष्टकांच्या वेळी खोकला. करडीची मंडळी भली होती, कुणी हसलं नाही. मांडव सुंदर झाला होता. बाबांनी सगळ्यात चांगला कपडा, मी शिवलेली हिरवी झालर, सगळं माझ्यासाठी लावलं होतं. मी खाली मान घालून बसले होते आणि ओळखीचा तो वास येत होता, धुराचा आणि वरणाचा. पहिल्यांदा तो बरा वाटला.

दुपारी शेवटची पंगत बसली होती. वऱ्हाडातल्या बायका होत्या, पानात बुंदी नुकतीच पडली होती, आणि माझ्या डोक्यावरचा उजेड एकदम बदलला. मी वर पाहिलं. पोरं मांडवाच्या दोऱ्या सोडत होती. एका बाजूचा कपडा खाली आला, मग दुसऱ्या. वैशाखाचं ऊन थेट पंगतीवर पडलं. बायकांनी पदर डोक्यावर ओढले. माझी नवी सासू पानावरून अर्धी उठली आणि परत बसली. कुणीतरी म्हणालं, "अरे, जेवू तं द्या!" बाबा हात जोडून पंगतीतून फिरत होते. "माफ करा, पुढे जाचं हाय, बोललेलं हाय." कपाळावर घाम, खांद्यावर दोरी. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या मांडवालासुद्धा संध्याकाळपर्यंत उभं राहता येऊ नये? पोरांनी बांबू उपटले, थाळ्या पंगतीतून उठता उठता गोळा केल्या, आणि तासाभरात बंडी भरून बाबा तिच्याबरोबर निघून गेले. पाठवणीला माझ्याजवळ माय होती आणि मामा. डोक्यावर उघडं आभाळ आणि जमिनीत बांबूंचे खड्डे. रडू आलं ते कुणासाठी, हे मला सांगता आलं नसतं.

वऱ्हाडाची बस मोठ्या रोडला लागली. थोडं पुढे गेलो आणि ड्रायव्हरनं एकदम ब्रेक दाबला. रोडच्या मधोमध हात वर करून बाबा उभे होते. मागे बंडी, तिच्यावर माझा मांडव गुंडाळलेला, झालरीची हिरवी कड बाहेर लोंबत होती.

ते माझ्या खिडकीपाशी आले. रुमालाची एक गाठ माझ्या हातात दिली. सोडली तर आत एकशे एक रुपये. माझीच नोट, हळद-कुंकू वाळून तिला चिकटलेलं.

"तू म्हने ना," बाबा म्हणाले, "लग्न उरकत नाई तोवर आपला नसते म्हून. हात नाई लावला म्या. आता उरकलं. तं तुहाच राहू दे."

माझी नजर बंडीवरच्या नव्या बांबूंकडे गेली. "बाबा," मी विचारलं, "मंग ते बांबू कायच्यात आले?"

बाबांनी पुढच्या गावाकडे हात केला. "त्याईच्या बयान्यात. त्याईची तिथी आजचीच पडली, गोरजाची. नाई म्हनता नाई आलं."

माझा बयाना राखायला त्यांनी दुसरा खाल्ला होता, आणि तो फेडायला माझ्या डोक्यावरचा मांडव काढून नेत होते. बारा थाळ्यांसमोर बसून मी जे सांगितलं होतं, त्यातलं अर्धं त्यांनी इतक्या इमानानं पाळलं होतं. मागच्या सीटवरून कुणीतरी ड्रायव्हरला म्हणालं, चला आता.

"उतरू का?" मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

"येडी हायेस का? जा तू." बाबांनी खिडकीवर हात ठेवला आणि काढून घेतला. "मलेही जाऊ दे. तिकडे कोनाची तरी पोरगी बिनमांडवाची बसली असंल."

बस सुटली. मी मागच्या काचेतून पाहत राहिले. बाबा बंडीच्या मागे चालत होते, आणि चालता चालता त्यांनी लोंबणारी झालर उचलून आत खोचली.